रँकचा रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही – आणि आई तर रेश्माला ओळखते, रेश्मा आमच्या गणपतीला यायची. मग आज तुम्हालाच का सांगतोय? मलाही नीटसं कळत नाही.

रेश्मा नोएडाच्या ऑफिसात माझ्या हाताखाली होती. त्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. इतरांसमोर मी सर, पण मराठीत बोलायला लागली की दादा. तिचे वडील केंद्र सरकारात, दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. ते रिटायर होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि गाझियाबादचं भाड्याचं घर तिच्याच पगारावर चालणार होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. ते आधीच सांगून ठेवतो.

आम्ही कॉलेज प्रवेशाचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. विद्यार्थ्यांच्या गुणवत्ता क्रमांकाच्या रकान्याला मी कधीकाळी 'रँक' असं नाव दिलं होतं. डेटाबेस काही शब्द स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवतो. रकान्याचं नाव नेमकं तेच असलं की क्वेरी, म्हणजे माहिती मागवणारी आज्ञा, अडते. डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीत रँक हा शब्द मोकळा होता, नव्या आवृत्तीत राखीव झाला. इलाज सोपा – रकान्याचं नाव बदला, नाहीतर प्रत्येक क्वेरीत ते अवतरणचिन्हांत घाला. पण काम कंटाळवाणं.

रेश्माने ते हेरलं. सगळी टीम चहाला उभी होती, तिथेच म्हणाली, "दादा, नव्या आवृत्तीत रँक राखीव आहे. अपग्रेडच्या आधी बदलून टाकू? मी करते." राहू दे गं, म्हटलं, काही होत नाही. का म्हटलं? कारण राखीव शब्द तपासून झाले, असं मी साहेबांना आधीच सांगून बसलो होतो. तपासलं काहीच नव्हतं.

प्रवेशाच्या पहिल्याच सकाळी यादी उघडेना. पालकांचे फोन, कॉलेजवाल्यांचा आरडाओरडा, काम काढून घेण्याची धमकी. साहेबांनी सगळ्यांना समोर बसवलं. क्वेरी रेश्माने लिहिलेल्या होत्या. ती शांतपणे म्हणाली, मी सरांना सांगितलं होतं, सगळ्यांसमोर. लेखी काही नव्हतं – दादाला कोण मेल पाठवतं? साहेबांनी टीमकडे पाहिलं. बोलत तर होते, कुणीतरी म्हणालं, पण मराठीत.

मग साहेबांनी मला विचारलं. आणि मी – हो, हेच ते – मी चक्क हसलो.

"अरे सर, हमारी तो घर की बातें होती हैं।"

दोघंतिघं हसले. रेश्मा माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे; मी आता पुढे खरं काय ते बोलेन, असं तिला वाटत होतं. किती वेळ वाट पाहिली असेल तिने? मी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होतो.

तिची नोकरी गेली. माझी राहिली. रकान्याचं नाव मी त्याच दुपारी बदललं, जेवण व्हायच्या आत झालंसुद्धा. मला स्वतःची किळस आली, आणि तरी मी जेवलो.

जाताना ती लिफ्टपाशी भेटली. आजूबाजूला कुणीही नव्हतं. "चलती हूँ, सर," म्हणाली.

आई दर गणपतीला विचारते, रेश्मा हल्ली येत का नाही रे? गाझियाबादहून लांब पडतं तिला, असं मी सांगतो. यंदाही तेच सांगितलं.