हलक्या हाताचं विष

सुकेळ्यांचा वास उन्हाबरोबर चढत जातो. सकाळी तो ओलसर, कोवळ्या गोडीचा असतो आणि दुपारपर्यंत मधासारखा दाट होऊन अंगणभर रेंगाळू लागतो. वटार गावातल्या आमच्या वाडीत सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी केळी चटयांवर वाळत होती, आणि त्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतलेली आय एकेक केळं उलटत होती. प्रत्येक चटईपाशी ती थांबे, छातीवर हात ठेवी, आणि श्वास जुळला की पुन्हा वाके.

मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते, एवढंच घरी ठाऊक होतं. कशावर, ते मी आठ महिने लपवलं होतं. माझ्या हाती होतं स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचं विष. त्याच जंतूनं लहानपणी आयचा घसा धरला होता, आणि त्यामागून आलेल्या तापानं तिच्या हृदयाची झडप कायमची बिघडवली होती. त्या विषाचं मला अपार कौतुक वाटे, आणि त्या कौतुकाची लाजही.

पण कौतुक वाटू नये तरी कसं? बर्फाच्या गारव्यात ते पेशीच्या पटलाला नुसतं चिकटून राहतं. जास्तीचं धुऊन टाकायचं आणि अंगाइतकी ऊब द्यायची, की त्याचे कण कडं करून पटलात सूक्ष्म भोकं पाडतात. तीही फक्त बाहेरच्या पटलात, आतल्या कोठड्या शाबूत ठेवून. त्या वाटेनं आपण कॅल्शियम आत सोडावं, आणि उघड्या पडलेल्या पेशीनं, जणू काही घडलंच नाही अशा शांतपणे, आपला स्राव बाहेर टाकावा, आपल्या डोळ्यांदेखत!

हे सारं मी त्या दुपारी आयला सांगून टाकलं, इंग्रजी शाळेत घडलेल्या अडखळत्या मराठीत. जंतूचं नावही. तिचा हात थांबला.

"म्हणजे माझ्या काळजाला लागलेला तोच हा मेला?"

मी मान डोलावली.

"आणि त्याला तू कामाला लावलंस?" हसता हसता तिला धाप लागली. "बरं केलंस, बाय. आयुष्यभर नुसतं बसून खाल्लं त्यानं."

मग पुढचं केळं उलटत तिनं विचारलं, "भोकं पाडल्यावर ती पेशी जगते का गं?"

"थोडा वेळ काम करत राहते," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी शब्द परत घ्यावेसे वाटले.

"मग तेवढ्यात बघून घे काय बघायचं ते," आय म्हणाली आणि पुढच्या चटईकडे वळली.

मी नजर न चोरता तिच्याकडे पाहत राहिले. वाकण्याआधी तिची बोटं हवेत किंचित पसरतात, जमीन किती दूर आहे ते चाचपल्यासारखी. हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं.