उकरलेली समाधी

हे गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. निजामाचं राज्य होतं आणि औशाच्या बाजारात आमचं भुसाराचं दुकान होतं. दुपारी जेवून उठले, पोट धरून खाली बसले, वांती झाली, अंग गार पडलं आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तळहातावर इष्टलिंग ठेवून, बसवूनच त्यांना समाधी दिली. मला रडूसुद्धा आलं नाही. भिंतीकडं बघत बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन दारात आले. माझ्या धाकट्या सासऱ्यांनी कचेरीत जाऊन सांगितलं होतं की, सुनेनं जेवणातून जहर घातलं. कुणाविषयी बोलणं चाललंय हेच मला आधी कळेना. मी सासूबाईंकडं पाहिलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "मला काय ठावं, माय. ताट तूच वाढलं व्हतंस."

समाधी उकरून देह तपासायचा हुकूम निघाला. हा धक्का पहिल्याहून मोठा होता. मी आमच्या गुरूंचे, जंगमस्वामींचे पाय धरले. ते म्हणाले, "सरकारचा हुकूम हाय, लेकी. माझ्या हाती काय न्हाई." मग माझ्या गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन मी एवढंच मागत राहिले, की देवा, त्या मातीला कुणाचा हात लागू देऊ नको. तेवढ्यात कुदळीचा पहिला घाव ऐकू आला. मी लिंग वस्त्रात गुंडाळून ठेवलं. एवढंही जो ऐकत नाही, त्याला आणखी काय मागायचं?

लातूरच्या दवाखान्यातले नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी नांदेडहून एक वयस्कर मुसलमान डॉक्टर आले होते. चिंचेखाली कनात लावली होती. त्यांनी आधी स्वामींना बोलावून मयताच्या हातातलं लिंग काढून घ्यायला सांगितलं, मगच देहाला हात लावला. मला लांब बसवलं होतं, तरी वास येत होता. कनातीआडून पाणी ओतल्याचा आणि हत्यारं ठेवल्याचा आवाज येई. मी कान झाकून घेतले.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले ते सरळ माझ्यापाशी. "बाई, यांना हिवताप येत होता?"

"हाव. दर साली."

"त्या दिवशी डाव्या कुशीत काही लागलं होतं?"

एकदम आठवलं, तसं मी त्यांना सांगून टाकलं. सकाळी गाडी सोडताना बैलानं त्यांना ढुशी दिली होती. हे हसले होते आणि मी तेल चोळून दिलं होतं. या तीन दिवसांत मला कुणी विचारलं नव्हतं आणि भेदरलेल्या जिवाला आठवलंही नव्हतं.

डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हिवतापानं डाव्या कुशीतली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगून मऊ झाली होती. धक्क्यानं ती फुटली. सगळं पोट रक्तानं भरलंय. जहराची खूण दिसत नाही. तरी जठर हैदराबादला तपासायला पाठवतो, म्हणजे कुणाला शक राहणार नाही."

धाकटे सासरे म्हणाले, "पण गाव तर म्हणून राहिलंय की..."

"गावानं पोट उघडून पाहिलं नाही. मी पाहिलंय."

मग त्यांनी स्वतः टाके घातले, देह धुवून घेतला. स्वामींनी पुन्हा विभूती लावली, बेल वाहिला, लिंग तळहातावर ठेवलं. माती सारखी होईपर्यंत डॉक्टर चपला काढून उभे होते.

घरी आल्यावर आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. "तूच वाढ," एवढंच म्हणाल्या. मी भाकरी वाढली. त्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांना हुंदका आवरेना. मीही तेव्हाच पहिल्यांदा रडले.

पुढं हैदराबादहूनही जहर नसल्याचाच कागद आला. त्या डॉक्टरांचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आज विचार करते, माझं मागणं त्या दिवशी ऐकलं गेलं असतं, तर खरं काय ते मातीतच राहिलं असतं आणि मी जन्मभर नवऱ्याला मारणारी म्हणून जगले असते. काय मागावं हेही आपल्याला कळत नाही. म्हणून आता पूजेला बसते तेव्हा काही मागत नाही. तुला दिसतंय ना, एवढंच म्हणते.