पालखीच्या वाटेवरची भिंत

मे महिन्यातला दुसरा रविवार. रक्कम एक लाख चाळीस हजार. हजर म्हणजे वाडीतल्या सतरा घरांचे कर्ते पुरुष, वाडी मंडळाचे अध्यक्ष आणि खजिनदार म्हणून मी. ठराव असा की देवळाकडच्या वाटेला डोंगराच्या कडेने चिऱ्यांची भिंत घालावी.

भिंतीची गरज होतीच. वाट रुंद करायला आम्हीच जेसीबी लावून डोंगराचा पाय कापला होता, आणि त्या कापलेल्या मातीखाली, वाटेच्या अलीकडे, काकीचं घर होतं. काकी माझी चुलत चुलती, सत्तरीची, एकटी. डोंगर खाली आला असता तर पहिला तिच्या पडवीत आला असता. सभेत तिचं नाव कोणी काढलं नाही. चर्चा झाली ती भिंतीच्या रंगाची.

मी एवढंच म्हणालो की भिंतीत पाणी जायला भोकं ठेवा, मागे खडी भरा. पाइपचे तुकडे सोळाशे रुपयांत होतात.

अध्यक्षांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "भोकां कित्याक रे? शिमग्यात पालखी येतली, तेव्हा देवाच्या अंगार घाण पाणी पडतला?"

"शिमग्यात डोंगरातसून पाणी खंयसून येतला?" मी विचारलं.

"तू हिशोब बघ. देवाचा आमी बघतंव."

मागून कोणीतरी म्हणालं, "ह्येका हिशोबात पण भोकां दिसतत नि भिंतीत पण!" सगळे हसले. हसणाऱ्यांत दोघे पदवीधर होते.

भिंत झाली. सिमेंटचा गिलावा, वर पिवळा रंग आणि देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाईटची पाटी, बारा हजारांची. सोळाशे परवडत नव्हते, बारा हजार परवडले.

जुलैत पाऊस लागला. अध्यक्ष भर पावसात छत्री घेऊन मला भिंत दाखवायला आले. "बघ, एक थेंब गळणा नाय!" त्यांना खरोखर आनंद झाला होता. डोंगरातलं पाणी बाहेर येत नाही म्हणजे ते आत साठतंय, हे या माणसाला कळत नव्हतं. आणि याच माणसाला आम्ही तीनदा बिनविरोध निवडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर काजूच्या बागेत गेलो. भिंतीच्या वरच्या अंगाला जमिनीत भेग पडली होती. हात आत गेला. दोन झाडं खाली कलली होती. मी खाली येऊन सांगितलं की काकीचं घर रिकामं करा. मंडळाने त्याऐवजी देवळात गाऱ्हाणं घातलं, डोंगराला आवर म्हणून. देवावर माझा राग नाही. पण डोंगर कापताना त्याला कोणी विचारलं नव्हतं.

काकी हलेना. "माजो घोव ह्याच घरात गेलो. माका खंय नेतंस रे झिला? नि म्हशीक कोण बघतला?"

मी वाद घातला नाही. म्हैस सोडली आणि माझ्या गोठ्यात आणून बांधली. काकी शिव्या देत मागोमाग आली. म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाही, तेव्हा राहणं भागच होतं. जेवताना माझ्या बायकोला म्हणाली, "तुजो घोव चोर आसा गो."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात धार काढत असताना भिंत पडली. आधी पोट पुढे आलं, मग चिरे, पाटी आणि मागचा लाल चिखल एकदम खाली आला. पडवी गेली. स्वयंपाकघरात चुलीपर्यंत चिखल. काकी निजायची ती खोली पडवीला लागूनच होती.

संध्याकाळी सभा. पहिला मुद्दा, खजिनदाराने ठामपणे का सांगितलं नाही. दुसरा मुद्दा, पाटी नवी करावी का. मी म्हणालो, खात्यात तेरा हजार उरलेत. ते आता डोंगरावरच खर्च होतील, नाहीतर मंडळाच्या कपाटाच्या चाव्या घ्या आणि हिशोब तुम्ही लिहा. चाव्या कोणी घेतल्या नाहीत. हिशोब लिहायला बसावं लागतं.

पाऊस उघडला तसा भेगेत चिकणमाती ठोकून भरली, वर ताडपत्री घातली. भेगेच्या वरच्या बाजूने आडवा चर खणून पाणी व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, वळवलं. भिंत पुढच्या वर्षी, भोकं ठेवूनच, असं कागदावर लिहून सतरा सह्या घेतल्या. काकी तोवर माझ्याकडे.

दिले ते असे : चर खणणाऱ्या चार गड्यांना नऊ हजार सहाशे, ताडपत्रीच्या दुकानदाराला दोन हजार चारशे, आणि ती आणायला मालवणला गेल्याबद्दल अध्यक्षांना पेट्रोलचे दोनशे. त्यांनी मागितले.