काकाजींची सांदवाडी

“टिंब दे, झाकून जाते.”

हे म्हणताना काकाजी उजव्या हाताचं बोट उचलून हवेत एक टिंब द्यायचे. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्यानं डास मारला. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, आपलं एकच वाक्य गावभर वापरणारा. आमच्या काकाजींचं वाक्य मात्र मला आजही धड समजलेलं नाही. आणि काकाजी समजले का, असं विचाराल तर तेही नाही.

ते माझे कोणी लागत नव्हते. लाखांदूरच्या एका छापखान्यात मी टायपिंग करते. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, तेरवीची कार्डं. काकाजी तिथला कॉम्प्युटर सांभाळायचे. कॉम्प्युटर एकच, त्यावर आळीपाळीनं बसणारे तिघं, म्हणजे मालक, काकाजी आणि मी. तिघांची नावं वेगळी म्हणून आत तिघांची घरंही वेगळी. घर हा शब्द माझा नाही, काकाजींचा. नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरलं की जिथं आपलं सामान दिसतं, ते आपलं घर.

माझ्या घरात मोजके चार फोल्डर आहेत अशा समजुतीत मी होते. एक दिवस काकाजींनी दोन बटणं दाबली आणि पडदा भरून गेला. ज्याच्या त्याच्या नावाआधी टिंब.

“हे कोणी आणून टाकलं माझ्या घरात?” मी विचारलं.

“तूनंच आणलं बाई. जो जो प्रोग्राम उघडला, तो आपलं चंबूगबाळं ठेवून गेला. तुले कोणती अक्षरं पायजे, कोणत्या बटणाले काय, कोणता शब्द खरा समजाचा, सारं यात हाये. नावाआधी टिंब हाये म्हणून दिसत नाही.”

“मग फेकून द्या ना. कायले ठेवता?”

“फेकलं तर ह्या डब्याले तू कोण, हेच नाही समजणार.”

आहे, पण दिसत नाही. दिसत नाही, पण त्याच्यावाचून आपण कोणीच नाही. सकाळी डबा घेऊन कामाला आलेल्या बाईला हे ऐकून काय वाटावं? माझं तर डोकं गरगरलं. वर काकाजी म्हणतात, “ओसरीत पसारा नाही पायजे. सारं सांदवाडीत नेतो.”

सांदवाडी म्हणजे आमच्याकडे घरामागची मोकळी जागा. मोडकी खाट, गोवऱ्या, फुटकी टोपली, पाहुण्याला दाखवायचं नाही पण टाकायचंही नाही असं सगळं तिथं असतं. काकाजींनी तेच नाव देऊन खरोखरचा एक फोल्डर केला आणि टिंबवालं सगळं सामान त्यात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी नाव टाकून आत शिरले तर घर परक्याचं. बटणं दाबावी तर इंग्रजी उमटतंय. ते कसंबसं मराठीवर आणलं, तर माझे शब्द लाल.

हे लाल प्रकरण सांगायला हवं. स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामला आमच्याकडचे शब्द येत नाहीत. शेतालगतचं तळं ती बोडी, धानाचं शेत ती बांधी, धानाची रोपं ते पऱ्हे, सगळ्यांखाली लाल नागमोडी रेघ. सांदवाडीखाली लाल. एवढंच काय, लाखांदूर लिहिलं तरी लाल! मी एकेक शब्द त्याला शिकवला होता, हा खरा आहे, मुकाट्यानं घे म्हणून. माझ्या माहेरचं, एकोडीचं नावसुद्धा शिकवलं होतं. वर्षानुवर्षांचे ते शब्द टिंबामागच्या एका फाइलीत साठले होते आणि काकाजींनी तीच उचलून मागे नेली होती.

मी भांडायला उठले. काकाजी शांतपणे म्हणाले, “चूक झाली. निरोप ठेवाचा राह्यला.”

“कसला निरोप?”

“प्रोग्राम जुन्या जाग्यावरच पायते. तिथं नाही दिसलं की त्याले वाटते, नवीन बाई आली. म्हणून जुन्या जाग्यावर निरोप ठेवा लागते, इथं नाही, सांदवाडीत पाय.”

त्यांनी जुन्या जागी त्याच नावाच्या फाइली ठेवल्या. त्यांच्या चित्रावर एक छोटा बाण होता. आत काही नाही, नुसती वाट दाखवायची. लगेच माझे शब्द खरे झाले. मी चहा मागवला आणि भांडण मिटलं.

पण निरोपाची ती सवय काकाजींनी कॉम्प्युटराबाहेर आणली. “छत्री चहावाल्याजवळ ठेवली बाई. मी विचारलं तर सांगजो.” घराची किल्ली सलूनवाल्याकडे, आणि किल्ली सलूनवाल्याकडे आहे हा निरोप माझ्याकडे. चष्म्याचा निरोप मालकाकडे. आम्ही हसायचो. मी म्हणायची, “काकाजी, तुम्ही स्वतः कुठं हाये, तो निरोप कोणाजवळ ठेवला?” तेही हसायचे. हा माणूस भलता हुशार आहे की विसरायला लागला आहे, हे तेव्हा मला ठरवता येत नव्हतं. दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसतं हो. तुम्हाला तरी ओळखू आलं असतं का?

मग एकदा मालकाचं कॉम्प्युटरातलं घर आवरताना त्यांनी एका निरोपात लिहिलं, तिकडे पाहा. आणि तिकडच्या निरोपात लिहिलं, इकडे पाहा. कॉम्प्युटर बिचारा इकडून तिकडे फिरला आणि फार फेरे होताहेत अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत सांगून थांबला. मला हसू आलं. “काखेत कळसा नि गावाला वळसा!” मी म्हटलं. काकाजी हसले नाहीत. पडद्याकडे बघतच राहिले.

“हे फिरून राह्यलं बाई, का मी फिरून राह्यलो?”

मालकाच्या पत्रिका अडल्या होत्या. ते वैतागून म्हणाले, “काकाजीच्या हातून आता नाही होत.” काकाजींनी ऐकलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र ते माझ्याजवळ आले. “मालकाले म्हणावं, मले काढू नका. पगार नाही देल्ला तरी चालते. इथं कुठं काय हाये ते मले समजते. घरी नाही समजत.”

मी मालकांना सांगितलं. मालक काही दगडाचे नाहीत. “येऊ दे, बसू दे,” म्हणाले. काकाजी येत राहिले, फडक्यानं कीबोर्ड पुसत, हवेत टिंबं देत. कधी मधेच उठून विचारायचे, “निरोप ठेवला नं?” कशाचा ते विचारण्यात अर्थ नव्हता. मी म्हणायची, “ठेवला काकाजी.” ते खाली बसायचे.

एका सकाळी ते छापखान्यात येण्याऐवजी साकोलीच्या एसटीत चढून बसले. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं परतीच्या फेरीला आणून सोडलं. त्यानंतर काकीजींनी त्यांना बाहेर पाठवणं बंद केलं.

कॉम्प्युटर मंद झाला म्हणून मालकांनी भंडाऱ्याहून एक माणूस बोलावला. त्यानं विचारलं, हे तिसरं घर कोणाचं? मालक म्हणाले, ते आता येत नाहीत. त्यानं ते घर पुसून टाकलं. जागा झाली, वेग आला, तो चहा पिऊन गेला.

मी बसले, पुन्हा इंग्रजीवर गेलेली बटणं मराठीवर आणली आणि लाखांदूर लिहिलं. लाल. बोडी लिहिलं, बांधी लिहिलं. सगळं लाल. एकोडीसुद्धा लाल. दोन बटणं दाबून टिंबामागचं सामान पाहिलं तर निरोप सगळे जागच्या जागी. फक्त प्रत्येक बाण तुटलेला. बाण दाखवत होता ते काकाजींचं घर. सांदवाडी माझ्या घरामागे आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती त्यांच्या घरामागे होती. माझं आणि मालकाचं सगळं खरं सामान त्यांनी आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं. आमच्या घरात नुसते निरोप.

असं त्यांनी काहून केलं? एका जागी सगळं नीट राहावं म्हणून? की आपल्याला इथून कोणी काढू नये म्हणून? की कोणाचं घर कोणतं, हेच तेव्हा त्यांना उमगत नव्हतं? मालक म्हणाले, लबाडी आहे. घटकाभर मलाही तसं वाटलं. मग वाटलं, नाही. मग पुन्हा काही कळेना.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. काकीजींनी दार उघडलं. काकाजी ओसरीत खुर्चीवर होते. मला बघून हसले, पण नाव आलं नाही. मी जवळ बसले आणि नाही राहवलं म्हणून विचारलंच, “काकाजी, माझे शब्द कुठं ठेवले तुम्ही?”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. हे त्यांना येत होतं. बोट वर करून त्यांनी एक टिंब दिलं. “सांदवाडीत हाये नं. चाल, काढून देतो.”

आणि ते खरंच उठले. माझा हात धरून घरातून मागे घेऊन गेले. मागे शेवग्याचं झाड, त्याखाली मोडकी खाट, गोवऱ्या, टोपली. काकाजी खाली वाकले. एक टोपली उचलून त्यांनी खाली पाहिलं, पुन्हा ठेवली. सूप उचललं, उलटं केलं, झटकलं. खाटेखाली हात घातला. इतकं मन लावून शोधत होते की इथं नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. दारातून काकीजी बघत होत्या. मी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं गोवऱ्या सरकवू लागले.

बऱ्याच वेळानं काकाजी थांबले. हातात एक फुटकी टोपली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“काय शोधून राह्यलो बाई आपण?”

“मलेही नाही समजत काकाजी,” मी म्हटलं. “तुम्ही पाहा तिकडं. मी हाये इथं.”

त्यांनी मान डोलावली आणि टोपलीखाली पुन्हा एकदा पाहिलं.