पावडरीनंतर रडायचं न्हाय

भल्याभल्यांना घाम फोडणारी माणसं आमच्या कोल्हापुरात पुष्कळ झाली असतील. पण नवऱ्यांना ओळीनं बसवून, हातात भुवया काढायची पेन्सिल देऊन घाम फोडणारी बाई एकच. ती मंगळवार पेठेतली पार्लरवाली. कॅन्सरच्या औषधानं ज्यांचे केस गेले, भुवया गेल्या, अशा बायकांना ती दर शनिवारी आपल्या पार्लरात बोलावते आणि नटायला शिकवते. त्या औषधानं बोटंही बधिर होतात, पेन्सिल धरवत नाही. म्हणून बाईमाणसाला घेऊन जो येईल त्यानंच भुवया काढायला शिकायचं, हा तिचा कायदा. नवरा असो, भाऊ असो, तिच्या लेखी सगळे ‘पावणं’. “पावणं, हात धुवा. साबणानं. कोपरापत्तुर.” इथून सुरुवात.

दुसऱ्याच्या तोंडावर एवढी मेहनत घेणारी ही बाई स्वतः मात्र साधी पावडर लावत नाही. केस चापात कसेतरी कोंबलेले, आणि आवाज असा की पार्लरात बोलली तरी रस्त्यावरची माणसं वळून बघतात. विग ती पालथ्या घागरींवर चढवून ओळीनं खिडकीकडं तोंड करून मांडते. एकदा मीटर बघायला आलेला माणूस त्यातल्या एका घागरीला “वैनी, मीटर कुठं हाय?” असं विचारून बराच वेळ उत्तराची वाट बघत उभा होता. लांब तोंड करून कुणी भेटायला आलं की त्याला दारातच अडवते. “शहाळं ठेवा आन् जावा. असलं तोंड आत चालत न्हाय.” बायकांनाही तिचा दम असतो. “रडायचं तर आधी रडून घ्या. पावडरीनंतर रडायचं न्हाय, माझी मेहनत जाती.” पण ‘बरी होशील’ हे शब्द मी तिच्या तोंडून कधीच ऐकले नाहीत. एकीनं विचारलं तर म्हणाली, “ते डॉक्टरला विचार. मी तोंडापुरतं बोलणार.” हे सगळं ती का करते, तिच्या घरात कुणाला झालतं काय, असं मी एकदा विचारलं. “पावणं, भुवईकडं बघा,” एवढंच उत्तर मिळालं.

मी फौंड्रीत वाळूचे साचे भरण्यात जन्म काढला. शाळा चौथीपर्यंत. माझ्यासारखा माणूस पार्लरची पायरी कशाला चढतोय? पण आमच्या मंडळींच्या माहेरी, कोडोलीला, तिच्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं. त्या पोरीला हिनं अंगाखांद्यावर खेळवलेली. आणि ही म्हणाली, मी येणार नाही. “बोडकं डोस्कं आन् बिनभुवयांचं तोंड घेऊन मांडवात उभी ऱ्हाऊ व्हय? नवरी सोडून समद्या माझ्याकडंच बघतील.” आत्या लग्नाला नाही म्हटल्यावर पोरगी फोनवर रडली, भाऊ येऊन विनवून गेला. ही ऐकेना. शेवटी शेजारणीनं तिला त्या पार्लरात नेलं, आणि मागनं पिशवी धरून मी. बाईनं सगळं ऐकून घेतलं. “बघू द्यात की बायकांना. बघण्यासारखी करून पाठवतो,” म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “पावणं, हात धुवा.”

पहिल्या शनिवारी माझी भुवई कपाळाच्या मध्यापर्यंत गेली. दुसऱ्या शनिवारी मी डोकं चालवलं. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून भुवईचा साचाच करून नेला. एकदा असा ठेवायचा, एकदा उलटा, आणि आतून रंग भरायचा. दोन्ही भुवया सूतभरही कमीजास्त नाहीत. मी खूश. बाईनं बायकोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “पावणं, वैनींना कुणी घाबरवलंय काय?” खरंच, ही आत्ताच काहीतरी भयंकर ऐकल्यासारखी दिसत होती. बाईनं पुठ्ठा चुरगाळून टाकला. “ही काय इंजनाची फौंड्री हाय? तुमचं सोताचं दोन कान तरी सारखं हायत का ते बघा आधी. आता सांगा, वैनी तुमच्यावर चिडल्या की कुठली भुवई वर जायची?”

मला विचारच करावा लागला नाही. “डावी.”

“मग ती जरा वर काढा.”

काढली. आणि बायको माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी बाजारातनं कोथिंबीर विसरून आलोय. कितीतरी महिन्यांनी ती ओळखीची दिसली. आरसा बघितल्यावर म्हणाली, “कोडोलीची गाडी किती वाजता हाय?”

लग्नाला गेलो. विग, हिरवी साडी, भुवया, सगळं जागच्या जागी. अक्षता पडेपर्यंत कुणाला काही कळलं नाही. पाठवणीला नवरी आत्याच्या गळ्यात पडली आणि तिचा ओला गाल घासून हिची डावी भुवई पार पुसली गेली. ही पदरानं कपाळ झाकून घ्यायला लागली. मी मांडवातच खुर्ची ओढली, हात धुतले, खिशातली पेन्सिल काढली. माणसं बघायला लागली. मेव्हणा ओरडला, “दाजी, आता पार्लर घाला की.”

“घालतो. पयल्यांदा तुझ्या मिशा काळ्या करतो,” मी म्हटलं.

“समदी बघाय लागलीत,” ही हळूच म्हणाली.

“गप. हलू नकोस.”

सगळ्या मांडवासमोर तिनं डोळे मिटून घेतले. मग डाव्या भुवईसकट पोरीला गाडीत बसवून आली.

दिवाळी तिला बघायला मिळाली नाही.

बाराव्यानंतर बाई घरी आली. दुःखाचं काही बोलली नाही. माझी वाढलेली दाढी बघून म्हणाली, “दाढी करा आन् शनिवारी या. एक नवा पावणा हाय, पेन्सिलीला हात लावायला तयार न्हाय.” मी कशाला, म्हणून मी दोन-तीनदा नको म्हटलं. तिच्यापुढं कुणाचं चाललंय?

गेलो. तो पावणा हाताची घडी घालून बसलेला, बायको त्याच्या शेजारी डोक्याला रुमाल बांधून मान खाली घालून. तिनं मला विचारलं, “तुमच्या मंडळी आल्या न्हाईत?”

मी पेन्सिलीचं टोपण काढत-लावत बसलो. बाई तिच्या त्याच मोठ्या आवाजात म्हणाली, “त्या आता न्हाईत. पण भावाच्या पोरीच्या लग्नात लई देखण्या दिसल्या.”

मग त्या पावण्याच्या बायकोनं डोक्याचा रुमाल सोडला, नवऱ्याकडं वळली आणि डोळे मिटून तोंड पुढं केलं.

तो उठून हात धुवायला गेला. त्याला साबण द्यायला मी मागोमाग गेलो.