वेगळं ताट

आमचे हे मुळातच हट्टी, त्यात फौजेतून निवृत्त झालेले. मूत्रपिंडाचा कॅन्सर फुप्फुसांत पसरल्यावर डॉक्टरीणबाईंनी नव्या इंजेक्शनांबद्दल समजावलं आणि बोलता बोलता विषाणूंच्या जुन्या डीएनएचा उल्लेख केला. झालं. यांनी बाकी सगळं सोडून विषाणू तेवढा उचलला.

बराकीत कुणाला गालगुंड झालं की त्याचं ताट, मग, बिछाना वेगळा व्हायचा. तोच नियम यांनी इथे उत्तरेत, जगतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये लावला. आपलं ताट आपण घासायचं, बाल्कनीच्या दाराशी बसून जेवायचं आणि मुलाच्या तीन वर्षांच्या लेकीला जवळ येऊ द्यायचं नाही. ती लांबूनच विचारायची, "आजोबा, मतलब तुमची माझ्याशी कट्टी?" हे भिंतीकडे बघत राहायचे. माझा जीव तुटायचा आणि संतापही यायचा. किती दिवस हातात आहेत ठाऊक नाही, आणि हा माणूस ते असे घालवतोय! कॅन्सर लागत नाही, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. "तू डॉक्टर आहेस का?" यावर विषय संपायचा.

शेवटी पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी मीच बाईंसमोर सगळं ओकून टाकलं. त्या हसल्या नाहीत. हिंदीत, सावकाश म्हणाल्या की हे विषाणू लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरले आणि त्यांचे तुकडे डीएनएत राहून गेले. ते तुमच्यात आहेत, या माताजींमध्ये आहेत, माझ्यातही आहेत. एरवी गप्प असतात. अशा गाठीत त्यातले काही जागे होतात, आणि कदाचित त्यामुळेच शरीराच्या रक्षक पेशींना गाठ परकी म्हणून ओळखता येते. औषध त्या पेशींचा ब्रेक काढतं. तुम्हाला ते लागू पडेल का, हे मात्र आज सांगता येत नाही.

मला चीडच आली. लाखो वर्षांपूर्वीचं सांगता येतं, येत्या दिवाळीचं नाही.

घरी आल्यावर यांचं ताट मी सगळ्यांच्या ताटांत मिसळून टाकलं. नात धावत आली, तिला यांनी उचललं. मला हायसं वाटतंय, तोच यांचा हात तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, मूत्रपिंडाच्या जागी थांबला.

"सगळ्यांत असतं म्हणाल्या त्या. म्हणजे हिच्यातही आलंय. माझ्याकडून."

लागण होणार नाही हे पटवण्यात माझे इतके दिवस गेले. आता यांना वाटत होतं, आपण ते तिला आधीच देऊन बसलोय.

"नीट धरा तिला," मी खेकसले, "पडेल."