बाबांचा आवाज अडला ती ओळ

फेब्रुवारीतला पहिला शनिवार, नॉटिंगहॅम, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, नवरा, सासरे. गैरहजर: सासऱ्यांचा आवाज.

स्ट्रोकनंतर बाबांची वाचा गेली. ते लॅपटॉपवर मराठीत टाइप करतात आणि एक प्रोग्राम ते मोठ्याने बोलून दाखवतो. त्या लॅपटॉपवरचं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालतं ते, मी तयार घेत नाही. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, आणून तो मशीनला चालेल असा घरीच कंपाइल करते. नवरा याला घरचा काळा मसाला म्हणतो. माझे नियम तीन. एका वेळी एकच बदल. जुनी प्रत जपायची. आणि प्रोग्राम कोसळला तर सोर्समधली नेमकी ओळ सापडावी म्हणून कंपाइल करताना ठेवलेल्या खुणा पुसायच्या नाहीत, डिस्क कितीही भरो.

त्या सकाळी बाबांनी एक लांबलचक वाक्य लिहून बटण दाबलं आणि प्रोग्राम बंद पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दुपारी नागपूरहून त्यांच्या बहिणीचा फोन यायचा होता. आत्यांना दिसत नाही. आवाज नसेल तर त्यांच्यासाठी भाऊही नसतो.

"तू काही केलंस का?" मी नवऱ्याला विचारलं.

"काल ऑफिसला जाताना अपडेट्स लावून गेलो."

"कुठली?"

"सगळी! म्हटलं, तुझ्या यादीतलं एक काम कमी."

बाबांनी कपाळावर हात मारला.

प्रोग्राम कुठे कोसळतो ते दाखवणारा डिबगर मी चालू केला आणि बटण दाबलं. पडद्यावर साखळी उमटली: बटणाने कोडच्या या तुकड्याला बोलावलं, याने त्याला, त्याने आणखी कुणाला. शेवटी आवाजाच्या लायब्ररीतली, म्हणजे प्रोग्राम बाहेरून घेतो त्या तयार कोडमधली, एक फाइल आणि ओळीचा क्रमांक. ती ओळ उघडली. लांब वाक्य आलं की मेमरीत जागा पुरते का, हे नव्या आवृत्तीत तपासलंच जात नव्हतं.

इतकी वर्षं हे करते, तरी त्या क्षणी हात थांबतात. कुठल्याशा देशातल्या, मराठी कधी कानावरही न पडलेल्या माणसाने लिहिलेली ओळ. बाबांचा प्रत्येक शब्द तिच्यातून जात होता, आणि ती माझ्यासमोर उघडी होती, कुणीही वाचावी अशी.

तेवढ्या एका लायब्ररीची जुनी प्रत परत बसवली. बाबांनी टाइप केलं, बटण दाबलं.

"सूनबाई, याला यापुढे फक्त भांडी घासू दे."

दुपारी आत्या पाऊण तास बोलल्या.

ती ओळ लिहिणाऱ्याला कळवायचं राहिलंय. साखळी, ओळ, बाबांचं वाक्य, सगळं जोडून ठेवलंय. वर आभाराचे दोन शब्द हवेत. तेच अजून जमत नाहीयेत.